मांडवात मोजलेली स्मरणशक्ती: शिबिर भरवणाऱ्यांना खुलं पत्र

स्मरणशक्ती तपासणी शिबिराचे आयोजक, त्यांचे मार्गदर्शक आणि असंच शिबिर आपल्याही गावात घ्यावं असं मनात असलेली मराठवाड्यातली सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या संस्थेचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना ते कळेलच, आणि बाकीच्यांना कळून काही उपयोग नाही. मी याआधी तुम्हाला साधं पत्र पाठवलं होतं, पोच घेऊन. उत्तर फोनवर आलं: "सर, लोकांना मजा आली, तुम्हीच फार मनावर घेताय." त्यानंतर दहा दिवसांनी तुमचं पत्रक हाती पडलं. हेच शिबिर, याच पद्धतीनं, आता तालुक्यातल्या गावोगावी होणार आहे. म्हणून हे दुसरं पत्र सगळ्यांसमोर.

आधी माझा यात काय संबंध ते सांगतो. मी गोदाकाठच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. २१ सप्टेंबर २०२५ च्या तुमच्या शिबिरात तक्ता हातात घेऊन प्रश्न विचारणारी मुलं-मुली माझ्याच वर्गातली होती. तुम्ही स्वयंसेवक मागितले, मी पाठवले. पद्धत काय असणार, हे विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. आणि समोर खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांत माझी माय होती. म्हणजे या प्रकरणात मी दोन्ही बाजूंनी अडकलेलो आहे, आणि पुढं जे काही म्हणतो आहे त्यातलं थोडं माझ्याही वाट्याचं आहे.

त्या दिवसाची हकिगत आधी लिहून ठेवतो, कारण फोनवर तुम्ही म्हणालात की असं काही झालंच नाही.

२१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. तो तुम्ही पाळलात हे चांगलंच केलंत. पण यंदा त्याच दिवशी सर्वपित्री अमावस्या होती. गावातली प्रत्येक म्हातारी पहाटेपासून चुलीपुढं होती. त्यात पाऊस. सोयाबीन पाण्यात उभं होतं, आणि त्या आठवड्यात मराठवाड्यात कुणाचं चित्त थाऱ्यावर होतं ते मला सांगा. शिबिराची वेळ सकाळी दहाची. पाहुणे यायला उशीर झाला. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार. पहिला प्रश्न विचारला तेव्हा पावणेतीन झाले होते. तोवर माय सकाळच्या चहावर बसून होती. (शाली किती वाटल्या ते घरी आल्यावर तिनं न विचारता सांगितलं: "अकरा. त्यातली एक त्यांनी परत घेतली, दुसऱ्याला द्यायला.")

सभामंडप पत्र्याचा. वरून पाऊस, खाली माइक. दारावर फलक: "साठी बुद्धी नाठी? चला, तपासून घेऊ!"

मग पाच-पाच जणांची मंडळं केली. माइकवरून दहा शब्द वाचले. थोड्या वेळानं प्रत्येक मंडळात एकेकाला सगळ्यांसमोर, मोठ्यानं, आठवतील ते शब्द सांगायला लावले. प्रत्येक मंडळात "तुलनेसाठी" एक कॉलेजचा विद्यार्थीही होता. त्यानं सांगितलं की टाळ्या. म्हाताऱ्यानं सांगितलं की हशा. हशा वाईट मनाचा नव्हता, हे मलाही मान्य. पण हशा तो हशाच.

माय मंडळात पाचवी होती. तिच्या आधी चौघांनी मिळून जवळजवळ सगळे शब्द सांगून टाकले होते. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "ते तर सगळं सांगून झालं की माय. मी काय नवीन सांगू?" माझ्या विद्यार्थिनीनं तक्त्यावर शून्य लिहिलं. तिला दोष नाही. तुम्ही दिलेल्या कागदावर "न सांगितल्यास शून्य" असंच छापलेलं होतं.

"आज तारीख काय?" यावर मायचं उत्तर होतं, "सर्वपित्री आमुशा. उद्या घट बसायचे." अगदी बरोबर उत्तर. दुसऱ्या दिवशी घटस्थापनाच होती. त्यालाही शून्य. "शंभरातून सात गेले, किती?" यावर तिनं विचारलं, "कशाचे सात?" पुन्हा शून्य. जिनं जन्मभर धान्य पायलीनं आणि माणसं इसानं मोजली, तिला नुसते सात कशाचे ते कळल्याशिवाय वजा करता येत नाहीत. हा विसराळूपणा नव्हे. शाळा न मिळाल्याची ती खूण आहे, आणि शाळा का मिळाली नाही ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. ती पोलीस ॲक्शनच्या पुढल्या साली जन्मली. त्या काळी आमच्या वाडीत मुलींची शाळा ही गोष्टच नव्हती.

संध्याकाळी तुमच्या स्वयंसेवकांच्या ग्रुपवरून गावच्या ग्रुपवर एक यादी आली. नावं, वयं, गुण, आणि शेवटच्या रकान्यात "स्मृतिभ्रंश संशयित". त्यात माय तिसऱ्या क्रमांकावर.

इथून पुढं मी माझ्या विषयाचा माणूस म्हणून बोलतो. तुम्ही जे केलंत त्यात काय चुकलं हे मला "वाटतं" एवढ्यावर मी थांबणार नाही. ते गेल्या तीस-चाळीस वर्षांत तपासलं गेलं आहे.

सगळ्यात मोठा घोटाळा मंडळाचा. चार माणसं एकत्र बसली की जास्त आठवेल असं आपल्याला साहजिकच वाटतं. १९९७ साली अमेरिकेत वेल्डन आणि बेलिंजर या दोन संशोधकांनी हे मोजून पाहिलं. तिघांनी मिळून आठवलेले शब्द एकीकडं, आणि तीन माणसांनी वेगवेगळं बसून आठवलेल्या शब्दांची, पुन्हा आलेले वगळून, बेरीज दुसरीकडं. बेरीज जास्त भरली. त्याच वर्षी बास्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं कारण मांडलं: प्रत्येकाचा आठवण्याचा आपला एक क्रम असतो, आणि दुसऱ्याच्या तोंडचा शब्द तो क्रम मोडतो. पुढं स्टोनी ब्रूक विद्यापीठातल्या सुपर्णा राजाराम यांच्यासह अनेकांनी यावर काम केलं. तरुण आणि वृद्ध, दोघांतही हे दिसतं. म्हणजे मंडळात बसवलं की विशीतल्या पोरालाही कमी आठवतं, सत्तरीतल्या माणसालाही. मंडळाचा हा जो तोटा आहे तो म्हाताऱ्यांच्या वयाच्या नावावर टाकता येत नाही.

हे मी मायला माझ्या शब्दांत सांगायला गेलो तर तिनंच मला सांगितलं. तिला शेकड्यांनी ओव्या येतात. आठवतात कशा, विचारलं तर म्हणाली, "एकीच्या शेपटाला दुसरी बांधलेली असती. मधी कुनी बोललं की तुटतं." बास्डेन यांचा निबंध मी दरवर्षी दोन तास शिकवतो. यंदापासून दहा मिनिटांत होईल.

पण इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की सर फक्त आपल्या सोयीचं सांगतात. जात्यावर दोघी बसतात. एकीनं उचललेली ओवी दुसरी पूर्ण करते, आणि तिथं धागा तुटत नाही, उलट लांबतो. वर्षानुवर्षं एकत्र दळलेलं असतं, म्हणून. संशोधनातही असंच दिसलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या सिलिया हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अनेक वर्षं संसार केलेल्या वृद्ध जोडप्यांना एकत्र आठवायला लावलं, तर काही जोडप्यांचं एकत्र बसून बिघडलं नाही, सुधारलंच. एकमेकांना खूण कशी द्यायची ते त्यांना माहीत होतं. शिवाय गटात बोलून झाल्यावर नंतर एकट्यानं आठवताना फायदा होतो, तरुणांना आणि वृद्धांना दोघांनाही, हेही ब्लूमेन आणि स्टर्न यांनी २०११ साली दाखवलं आहे. लातूर-नांदेडच्या क्लासची पोरं रात्री खोलीत एकमेकांना प्रश्न विचारत बसतात, त्यात म्हणून तथ्य आहे. तेव्हा गट वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. गप्पांसाठी, सरावासाठी, म्हाताऱ्या माणसांचा एकटेपणा जावा म्हणून गट जरूर करा. पण माइकसमोर, अनोळखी पाच जणांत, एकामागून एक बोलायला लावून जो आकडा येतो तो एका माणसाच्या डोक्याचा आकडा म्हणून कागदावर लिहू नका.

कारण तो आकडा दोन्ही बाजूंनी खोटा निघतो. मायच्या मंडळात यादीत बैल आणि शेळी होते. पहिल्या आजोबांनी त्यांच्या जोडीला "गाय" म्हणून टाकलं. यादीत गाय नव्हती. पुढं दोघांनी तीच गाय सांगितली, आणि खरंच ऐकल्यासारखी सांगितली. यालाही नाव आहे. आठवणीतली चूक एकाकडून दुसऱ्याला लागते, पडसं लागावं तशी. २००१ साली रोडिगर, मीड आणि बर्गमन यांनी ते प्रयोगात पकडलं. आमच्या मंडळात सगळं उघड्यावर चाललं होतं, ते कुणी पकडायलाच नव्हतं.

आणि आता ज्याचं मला खरं वाईट वाटतं ते. शेवटच्या फेरीतल्या एका आजोबांना दहापैकी नऊ. टाळ्या, फोटो, गुलाबाचं फूल. तुम्ही सगळ्या फेऱ्यांना तेच दहा शब्द वाचत होतात! आजोबांनी ते चार वेळा ऐकले होते, आणि वर आपल्या मंडळात आधीच्यांच्या तोंडूनही. हेच आजोबा गेल्या वर्षभरात दोनदा स्वतःच्या शेतातून घराची वाट चुकले आहेत. त्यांच्या सुनेनं ते मला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. शिबिरानंतर घरचे निर्धास्त झाले: नऊ गुण पडले की, म्हातारा ठणठणीत आहे. ज्यांच्यासाठी शिबिर भरवायचं तो माणूसच तुमच्या हातून निसटला. माझ्या मायच्या शून्यापेक्षा त्यांचे नऊ जास्त घातक आहेत.

शेजारी बसवलेल्या विद्यार्थ्यांची तुलना तर सोडूनच द्या. तीच पोरं प्रत्येक फेरीत मंडळाजवळ उभी होती. त्यांना यादी पाठ झाली होती. त्यांच्या टाळ्यांशी म्हाताऱ्यांची तुलना करणं म्हणजे पेपर आधी फुटलेल्या पोराला पहिलं बक्षीस देणं.

आता त्या फलकाबद्दल. "साठी बुद्धी नाठी" ही म्हण आपण हसत हसत वापरतो. मीही वापरली आहे. पण चाचणीच्या दारावर ती टांगली की ती म्हण राहत नाही, चाचणीचा भाग होते. टॉमस हेस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली वृद्धांच्या एका गटाला वयानं स्मरणशक्ती घटते असा मजकूर आधी वाचायला दिला. नंतरच्या शब्दचाचणीत तो गट कमी पडला. त्याआधी २००१ मध्ये रहाल, हॅशर आणि कोलकोम यांनी तर फक्त सूचना बदलून पाहिली. "ही स्मरणशक्तीची परीक्षा आहे" असं ठासून सांगितलं तेव्हा तरुण आणि वृद्धांत फरक दिसला. तसं न सांगता तेच काम दिलं तेव्हा तो दिसेनासा झाला. काम तेच, माणसं त्याच वयाची. बदललं फक्त आधी बोललेलं वाक्य. आणि तुम्ही तर ते वाक्य आठ बाय चार फुटांत छापून घेतलं होतं.

मॉन्ट्रियलच्या सोनिया ल्युपिएन यांच्या गटानं २०१३ मध्ये चाचणीची वेळ, जागा, सूचना आणि चाचणी घेणाऱ्याचं वय हे सगळंच बदलून पाहिलं. तरुणांच्या सोयीची मांडणी असली की वृद्धांच्या शरीरात ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, वाढलं आणि आठवण घसरली. ती माणसं चाचणीला यायच्या आधी घरी बरी होती. त्यांना बिघडवलं ते आपण केलेल्या मांडणीनं. माय त्या दिवशी घरी आल्यावर सांगत होती, "छातीत नुसतं धडधड होऊ लालतं." मी तेव्हा ते पावसात चालल्यामुळं असेल म्हणून सोडून दिलं.

वेळेबद्दल फार लिहीत नाही. म्हातारी माणसं सकाळी ताजी असतात, हे सांगायला संशोधन लागत नाही. १९९३ साली मे, हॅशर आणि स्टोल्टझफस यांनी मोजूनही दाखवलं. दहाची वेळ तुम्हीच ठरवली होती. ती पाहुण्यांसाठी मोडलीत.

ऐकू येण्याचं मात्र सांगायलाच हवं. वाढत्या वयात कान जातात, आणि गोंगाटात ऐकायला जोर लावावा लागला की जे ऐकलं ते मनात ठेवायला जोर उरत नाही. पुरतं ऐकू आलंच नाही तर विसरायचं काय? पत्र्यावरचा पाऊस, कर्कश माइक, मागं चहाच्या कपांचा खडखडाट. मायच्या उजव्या कानाला कमी येतं. तिला बसवलं होतं ते माइक उजवीकडं येईल असं. कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, मी तिचा मुलगा असून.

आणि तक्ता? तो तुम्ही कुठून तरी इंग्रजीवरून मराठी केला होता, हे वाक्यावाक्यांत कळत होतं. ज्या तीस गुणांच्या चाचणीचा तो वंशज आहे ती १९७५ साली अमेरिकेत फोल्स्टाइन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी तयार केली. त्यात वाक्य लिहा, पंचकोन काढा, सात-सात वजा करत जा, असं सगळं आहे. शाळेत गेलेल्यांसाठी ठीक. पण आपल्याकडं हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करताना मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांना हा प्रश्न तेव्हाच पडला होता. त्यांनी १९९५ साली निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी म्हणून वेगळी हिंदी चाचणी तयार करून प्रसिद्ध केली. तीस वर्षं झाली त्याला. आपल्याकडं अजून "कशाचे सात?" ला शून्य मिळतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा काय फरक पडतो, शिबिरच तर होतं.

सांगतो. मायच्या नावावर दोन एकर आहे. त्यातला काही तुकडा तिला माझ्या बहिणीला बक्षीसपत्रानं द्यायचा आहे. हे तिच्या मनात वडील गेल्यापासून आहे. ती यादी ग्रुपवर आली त्याच्या चौथ्या दिवशी भाऊबंदांपैकी एकानं पारावर सांगितलं की काकूचं डोकं आता ठिकाणावर नाही, शिबिरात डॉक्टरांसमोर सिद्ध झालंय, तिच्या अंगठ्याला काय किंमत. (त्या दिवशी मांडवात डॉक्टर एकच होते, आणि ते व्यासपीठावर होते.) त्यानंतर माय आठ दिवस घराबाहेर पडली नाही. नवरात्रात देवीच्या दारी ती नाही, असं माझ्या आठवणीत पहिल्यांदा झालं. "लोक इचारतील, काय सांगू?" एवढंच म्हणाली.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ वाचून बघा. कलम २३ म्हणतं की माणसाच्या मानसिक आरोग्याची माहिती गोपनीय ठेवणं हा त्याचा हक्क आहे. कलम ३ म्हणतं की आजार ठरवायचा तो मान्य वैद्यकीय निकषांवर, आणि आजार आहे एवढ्यानं कुणी वेडा ठरत नाही, तसं सक्षम न्यायालयानं ठरवल्याशिवाय. तुम्ही निकषांविना ठरवलंत, आणि गावाला सांगितलंत.

एक गैरसमज राहू नये म्हणून सांगतो. माझ्या मायला काहीही झालेलं नाही, असं म्हणायला मी हे पत्र लिहीत नाही. शिबिरानंतर मी तिला छत्रपती संभाजीनगरला नेलं. सकाळची वेळ, एक खोली, एक डॉक्टर, शेजारी मी, आणि बोलणं तिच्या भाषेत. तासभर लागला. कान तपासले, रक्त तपासलं, थायरॉइड आणि बी-१२ बघितलं, कारण त्यांच्या कमतरतेनंही माणूस विसरतो आणि औषधानं सुधारतो. उदासपणाचं विचारलं. निघालं असं की बी-१२ कमी आहे, कानाला यंत्र लागेल, आणि आठवण थोडी घसरली आहे, पण आजार म्हणावं एवढी आज नाही. सहा महिन्यांनी परत या. ती गॅस बंद करायला कधी कधी विसरते, किल्ली शोधत बसते, हे मलाही दिसतं. किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे, गणपती बुडवून आलेल्या त्या रात्री, कोण कुठं झोपलं होतं आणि कुणाला कुणी उचलून अंगणात आणलं ते ती नावानिशी सांगते, आणि काल दूधवाल्याला पैसे दिले का ते तिला सांगता येत नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तासभर बसून त्या डॉक्टरांना त्या दोन्ही दिसल्या. तुमच्या मांडवात एकही दिसली नाही.

आणि तपासणी हवीच, यावर माझा तुमच्याशी वाद नाही. देशभरातल्या वृद्धांच्या पाहणीवरून काढलेला अंदाज असा आहे की साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. शहरांपेक्षा खेड्यांत जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. यातले बहुतेक "म्हातारपण आहे, चालायचंच" म्हणून घरच्या कोपऱ्यात बसून आहेत. त्यांच्यापर्यंत तुम्ही पोचू पाहता, म्हणून तर एवढं लांबलचक लिहितो आहे. नुसता राग असता तर चार ओळींत संपलं असतं.

तेव्हा मागणं असं.

ग्रुपवरची ती यादी काढा. नुसती काढून भागणार नाही, त्याच ग्रुपवर लिहा की त्या दिवशी कुणाच्याही आजाराचं निदान झालेलं नाही. हे या आठवड्यात करा, कारण पारावर बोलणं रोज वाढतं आहे.

पुढच्या गावांतली शिबिरं रद्द करू नका, पद्धत बदला. एका वेळी एक माणूस, आडोशाला, सकाळी अकराच्या आत, घरचं एक जण सोबत. खोली नसेल तर अंगणवाडीची खोली मागा, शाळेची मागा, मी मागून देतो. माइक नको. आधी कान आणि चष्मा बघा. शब्दांच्या दोन-तीन वेगळ्या याद्या ठेवा. तारीख विचारताना तिथी, वार, सण, बाजाराचा दिवस यांपैकी जे बरोबर येईल ते धरा, आणि ज्यांना शाळा नाही त्यांच्यासाठी केलेलीच चाचणी वापरा. ज्यांना तिचे गुण कसे लावायचे ते येतं त्यांनीच ते लावावेत. माझ्या विद्यार्थ्यांना अजून येत नाही, आणि मी त्यांना ते शिकवलेलं नाही.

कागदावर "संशयित" हा शब्द नको. आपल्याकडं तो शब्द पोलीस वापरतात. "डॉक्टरांना दाखवा" एवढं पुरे, आणि तो कागद त्या माणसाच्या हातात द्या, दुसऱ्या कुणाच्या नाही. त्याला गुण सांगायचे असतील तर त्याला सांगा. कुठं दाखवायचं, कोणत्या वारी, तेही त्यावर लिहा, नाहीतर तो कागद देवघरात कुंकवाच्या डबीखाली जातो.

नऊ गुणवाल्या आजोबांच्या घरी तुमच्यापैकी कुणीतरी स्वतः जा. मी जाऊन आलो, पण त्यांना तुमच्या गुलाबाच्या फुलावर जास्त विश्वास आहे.

दारावरचा तो फलक पुन्हा लावू नका. फलक हवाच असेल तर नुसतं "या, बसा" लिहा.

माझ्या बाजूनं: परतून आल्यावर मी वर्गात तिघातिघांचे गट करून हीच शब्दांची यादी दिली, आणि उरलेल्यांना एकेकट्यानं लिहायला लावलं. निकाल फळ्यावर मांडला तेव्हा वर्ग बराच वेळ गप्प होता. मायच्या तक्त्यावर शून्य लिहिणारी मुलगी तास संपल्यावर थांबली आणि म्हणाली, "सर, मी आजीला परत भेटायला येऊ का?" ती आली. दोघी ओट्यावर बसून दुपारभर काय बोलल्या मला माहीत नाही, मला बसू दिलं नाही. ही मुलगी आणि वर्गातले आणखी सहा जण, नीट शिकवून घेतलं तर, तुमच्या पुढच्या शिबिरांत काम करायला तयार आहेत. शिकवायला दोन रविवार लागतील. ते मी देतो, मानधन नको. कोणत्या रविवारी ते कळवा. फोनवर नको, लिहून.

आपला,
तुमच्या शिबिरात स्वयंसेवक पाठवलेला एक प्राध्यापक,
आणि यादीतल्या तिसऱ्या नावाचा मुलगा